टिप्पणीतील ‘बहुधा’

लेहहून खारदुंग ला खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर साउथ पुल्लू नावाचे एक तपासणी ठाणे आहे. उंची सुमारे ४,७०० मीटर. २०१८ च्या सप्टेंबरात साठापडताळणीच्या सरकारी कामासाठी आम्हांस त्या बाजूस जावे लागले, तेव्हा मोटार तेथे घटकाभर थांबली होती. ज्या प्रदेशाविषयी डेहराडूनच्या कचेरीत बसून आम्ही इतके कागद लिहिले होते, तो प्रथमच पायाखाली आला होता. पाहतो तो सर्वत्र धूळ! करडे दगड, विरळ गवताच्या जुड्या, आणि दूर कड्यावर काय ती पांढरी किनार. आमच्यासमवेत एक वयस्क भूवैज्ञानिक होते. त्यांनी बुटाच्या टाचेने एक शिळा ठोकली व ते म्हणाले, “इथून आणखी थोडे वर गेलो, की आपण बहुधा बर्फावरच उभे असू. तो दिसणार मात्र नाही.”

त्या वाक्यातील ‘बहुधा’ हा शब्द आम्हांस टोचला. का टोचला, ते पुढे ओघाने येईलच. परंतु त्या शब्दाने जो प्रश्न आमच्या मनात सोडला तो गेली कित्येक वर्षे तेथून हललेला नाही. जे प्रत्यक्ष दिसत नाही, केवळ लक्षणांवरून ताडता येते, त्याविषयी दुसऱ्यास सांगताना सत्य कशाला म्हणावे? आणि तेच सत्य संक्षिप्त करावयाचे झाले, तर त्यातील काय गाळण्याचा अधिकार आपणांस आहे?

प्रथम त्या अदृश्य वस्तूविषयी. कोकणात किंवा घाटमाथ्यावर वाढलेल्या आमच्या बोलीत तिला रूढ शब्द नाही, ह्यात नवल ते काय? जी जमीन, मग ती माती असो की खडक, लागोपाठ दोन वर्षे शून्य अंशावर वा त्याखाली राहते, तिला शास्त्रज्ञ पर्माफ्रॉस्ट म्हणतात. हे नाव १९४३ साली सायमन मुलर ह्या अमेरिकेतील भूवैज्ञानिकाने रूढ केले, आणि त्यातील पूर्वपद ‘कायम’ ह्या अर्थाचे आहे. दोन वर्षे टिकले की कायम! ज्या सेवेत तात्पुरती म्हणून निर्माण झालेली पदे वर्षानुवर्षे मुदतवाढीवर जगतात, त्या सेवेतल्या माणसाने ह्यास हसू नये हे खरे. तथापि नावात शिरलेली ही निश्चिती वस्तूत नाही, एवढे ध्यानात ठेवलेले बरे. ह्या जमिनीचा वरचा थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. त्याखालचा भाग मात्र गोठलेलाच राहतो. त्यात बर्फ असेलच असेही नाही, कोरडा खडकही ह्या व्याख्येत बसतो. परंतु जेथे मातीदगडांच्या फटींतून बर्फ भरलेला असतो, तेथे तोच बर्फ सिमेंटासारखा उतार धरून ठेवतो. अशा जागेवर घर बांधून आत शेगडी पेटवली, तर तिची ऊब हळूहळू खाली झिरपते, बर्फ वितळतो, जमीन एका अंगाने खचते आणि भिंतीला तडा जातो. वरून पाहणाऱ्यास तडा दिसतो. त्याचे कारण दिसत नाही.

हिमनदीचा नकाशा काढणे सोपे आहे असे आम्ही म्हणणार नाही, पण हिमनदी निदान दिसते. विमानातून वा उपग्रहातून तिचे छायाचित्र घेता येते. गोठलेल्या भूमीचे तसे नाही. तिचा नकाशा म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत अनुमान होय. येथे आम्हांस महाविद्यालयात कसाबसा वाचलेला ‘तर्कसंग्रह’ आठवतो. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे असे अनुमान करावे, हे त्यातील सुप्रसिद्ध उदाहरण. आमच्या नैयायिकांना दृष्टान्तासाठी डोंगरच सापडावा, आणि तोही आत काहीतरी दडवून बसलेला, हा योगायोग आम्हांस मोठा रम्य वाटतो. अग्नीच्या जागी बर्फ घाला, की नकाशा काढणाऱ्याचे सारे शास्त्र तयार!

ह्या बर्फाचा धूर तो कोणता? सर्वांत ठळक म्हणजे शिळाहिमनदी: दगडधोंड्यांची एक प्रचंड जीभ, समोरची कड उभी, अंगावर सुरकुत्या, पोटात बर्फ. तो बर्फ स्वतःच्या भाराने सरकतो आणि वरच्या शिळांना वर्षाकाठी काही वीत वा हातभर पुढे नेतो. २०१५ साली हिंदुकुश-हिमालयाच्या पट्ट्यातील अशा शिळाहिमनद्या उपग्रहचित्रांवरून हुडकून, तोपर्यंतचे नकाशे त्यांच्याशी ताडून पाहण्यात आले. दुसरी खूण अधिक सूक्ष्म आहे. स्वित्झर्लंडमध्ये विल्फ्रीड हेबर्ली ह्या संशोधकाने १९७० नंतरच्या दशकात एक युक्ती पुढे आणली. हिवाळ्याच्या अखेरीस, बर्फाचा थर जवळजवळ मीटरभर जाड असताना, त्यात लांब सळई खुपसून अगदी तळाचे तपमान मोजावयाचे. एवढ्या जाड गोधडीखाली बाहेरच्या हवेचा प्रभाव पोहोचत नाही, तेथे बोलते ती जमीन. तपमान उणे तीन अंशांहून खाली असेल तर जमीन बहुधा गोठलेली, उणे दोनहून वर असेल तर बहुधा नाही, आणि दोन-तीनच्या मध्ये असेल तर सांगता येत नाही. ह्या तिसऱ्या कोष्टकाविषयी आम्हांस फार आदर वाटतो. आमच्या कचेरीतील कोणत्याही छापील नमुन्यात ‘सांगता येत नाही’ असा रकाना आजवर आढळला नाही. लडाखसारख्या कोरड्या प्रदेशात, जेथे बर्फाची गोधडी पुरेशी जाड नसते, तेथे ही युक्ती फारशी चालत नाही, ही गोष्ट निराळी.

धुराच्या दृष्टान्तात एक मेख आहे, आणि आमच्या विषयात तीच महत्त्वाची. धूर असेल तेथे अग्नी असतोच, पण अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यावयाचा तर ओले सरपण लागते. त्याचप्रमाणे शिळाहिमनदी दिसली तर खाली बर्फ आहे असे म्हणता येईल, ती दिसली नाही म्हणून बर्फ नाही असे म्हणता यावयाचे नाही. साउथ पुल्लूचा धुळकट उतार त्या लोखंडी गोळ्यासारखा होता.

प्रत्यक्ष प्रमाण मिळवावयाचे तर भोक पाडावे लागते. स्वित्झर्लंडच्या एंगाडिन खोऱ्यात मुर्टेल-कोर्वाच येथील शिळाहिमनदीत १९८७ साली ५८ मीटर खोल विवर पाडले गेले आणि तेव्हापासून तेथे तपमानाच्या नोंदी चालू आहेत. हिमालयाच्या आकारमानाच्या मानाने आपल्याकडे अशी खोल विवरे अगदीच थोडी. लेहच्या उत्तरेस, खारदुंग लाच्या पायथ्याशी असलेल्या गांगलास खोऱ्याच्या वरच्या भागात २०१६-१७ मध्ये जमिनीच्या पृष्ठभागाचे तपमान टिपणारी चोवीस लहान यंत्रे वर्षभर ठेवण्यात आली होती. खोऱ्याचा तो भाग लहानसाच. तेवढ्यात वार्षिक सरासरी तपमानांत मोठा फरक आढळला! एका ठिकाणी चांगले शून्याच्या वर, दुसऱ्या ठिकाणी खोल शून्याखाली. सावलीचा उतार निराळा, उन्हाचा निराळा. मोठ्या शिळांच्या फटींतून थंड हवा खाली उतरून साचते, बारीक वाळूत तसे होत नाही. आल्प्समध्ये उत्तरेचा कडा आणि दक्षिणेचा कडा ह्यांच्या तपमानांत सात-आठ अंशांचे अंतर पडते. मग ‘अमुक उंचीच्या वर जमीन गोठलेली’ अशी रेघ ओढणाऱ्याच्या रेघेला अर्थ किती उरतो?

आणि तरीही रेघ ओढावी लागते. ज्याला रस्ता न्यावयाचा आहे, खांब रोवावयाचा आहे, तो कोणासमोर तरी नकाशा पसरून बोट ठेवतो आणि विचारतो, “येथे आहे की नाही?”

नैयायिकांनी अनुमानाचे दोन प्रकार मानले आहेत. स्वतःच्या समजुतीपुरते केलेले ते स्वार्थानुमान, आणि दुसऱ्याला पटवण्यासाठी मांडलेले ते परार्थानुमान. स्वतःपुरते जाणताना मनातल्या मनात उडी मारली तरी चालते. दुसऱ्यासाठी मांडताना मात्र पाच अवयव सांगावे लागतात: काय सिद्ध करावयाचे, कशावरून, तसे अन्यत्र कोठे आढळले, ते येथे कसे लागू पडते, आणि मग निष्कर्ष. आम्हांस असे वाटते, की ही केवळ तर्काची शिस्त नव्हे, तो नीतीचा नियम आहे. ऐकणाऱ्याला नुसता निष्कर्ष देणे म्हणजे त्याच्या हाती गोष्ट देऊन ती तपासण्याचे साधन काढून घेणे होय. नकाशाची अडचण हीच, की तो परार्थानुमान असूनही त्यावर दिसतो तो केवळ पाचवा अवयव. रंग दिसतो, रंगामागचे कारण दिसत नाही.

आल्प्सचा जो एकत्रित नकाशा २०१२ साली प्रसिद्ध झाला, तो करणाऱ्यांना ह्याची जाणीव असावी. त्यांनी ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोनच रंग वापरले नाहीत. निळसर जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत छटा दिल्या, आणि अर्थ असा लावला: येथे जवळजवळ सर्व परिस्थितींत जमीन गोठलेली असेल, येथे बहुतांशी थंड परिस्थितीत, येथे केवळ अत्यंत अनुकूल परिस्थितीत. शिवाय सोबत एक वाचनकिल्ली जोडली. जागेवर जाऊन मोठ्या शिळा आहेत की उघडा खडक, ते पाहावे आणि त्याप्रमाणे रंगाचा अर्थ वरखाली करावा. म्हणजे नकाशा वाचणाऱ्यानेही थोडे अनुमान करावे, सारा भार रंगावर टाकू नये. ती किल्ली पाहताना आम्हांस एखाद्या सज्जन माणसाची भेट झाल्यासारखे वाटले.

आता आमची स्वतःची गोष्ट. वाचकांपैकी बहुतेकांनी टिप्पण्या लिहिल्या आहेत, तेव्हा ती त्यांस नवी वाटणार नाही. २०१८ च्या मार्च महिन्यात एका उंच जागी गुदाम बांधण्याचा प्रस्ताव आमच्या मेजावर होता. सोबत तज्ज्ञांचा चौदा पानी अहवाल. त्यातील शेवटच्या पानावरील मजकूर असा होता, की पृष्ठभागावर बर्फाचे चिन्ह आढळले नाही; तथापि उतार उत्तराभिमुख असून वर मोठ्या शिळांचा थर आहे, सबब खाली बर्फ असणे बहुधा संभवते; बांधकामापूर्वी खड्डा खणून पाहावा. एकतीस मार्चला निधी रद्द होणार होता. साहेबांनी सारांश अर्ध्या पानात मागितला. आम्ही लिहिले: “पृष्ठभागावर बर्फ आढळलेला नाही. जागा उपलब्ध असून अहवाल सोबत जोडला आहे.” फाइल त्याच दिवशी वर गेली आणि मंजूर होऊन खाली आली.

ह्या वाक्यात खोटे काय आहे? एक अक्षरही नाही. महाभारतातील धर्मराजाने निदान वाक्याचा उत्तरार्ध हळू आवाजात उच्चारला होता. आम्ही तो जागेअभावी गाळला. त्याचा भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ तेवढ्यावरून खाली टेकला असे सांगतात. आमच्याजवळ रथ नसल्यामुळे आम्हांस काही जाणवले नाही. सप्टेंबरात त्या भूवैज्ञानिकांनी शिळा ठोकून तोच शब्द उच्चारीपर्यंत जाणवले नाही, असे म्हणणे अधिक खरे.

येथे सांगितले पाहिजे, की ते गुदाम पडले नाही. आमच्या माहितीप्रमाणे आजही उभे आहे. पुष्कळ स्नेह्यांनी हे ऐकून आमची समजूत घातली, “झाले काय मग? सुटलात!” पण इंग्रज विचारवंत विल्यम क्लिफर्ड ह्याने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर लिहिलेल्या निबंधात एका जहाजमालकाची कथा सांगितली आहे. जहाज जुने आहे, दुरुस्ती हवी आहे हे ठाऊक असता तो मनाची समजूत घालतो, आणि उतारूंनी भरलेले जहाज सागरावर सोडतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहेच. परंतु समजा जहाज सुखरूप पोहोचले असते, तर? तरीही तो तितकाच दोषी, कारण त्या समजुतीचा त्याला अधिकार नव्हता. समुद्राने काय केले ह्यावर ते ठरत नाही. हा निवाडा आम्हांस कठोर वाटतो, आणि त्यातून पळवाट सापडत नाही. आमची पळवाट म्हणून आम्ही ‘अहवाल सोबत जोडला आहे’ ह्या शब्दांकडे बोट दाखवू शकलो असतो. परंतु जो अहवाल कोणी वाचणार नाही हे आपणांस पक्के ठाऊक आहे, तो जोडण्यात नेमके काय जोडले जाते?

ह्यावर प्रशासनाची बाजू नाही असे नव्हे, आणि ती हलकी मानण्याचे कारण नाही. वरचा अधिकारी दिवसाला पन्नास फाइली पाहतो. प्रत्येक तज्ज्ञाचा प्रत्येक ‘कदाचित’ त्याने चघळत बसावे तर उंच प्रदेशात एकही रस्ता होणार नाही, आणि रस्ता नसल्याने जी माणसे दगावतात तीही माणसेच. शिवाय संशयाचे शब्द नेहमी प्रामाणिक असतात असे कोणी सांगितले? आमच्या कारकुनी भाषेत तर ते बहुधा ढालीसारखे वापरले जातात. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’, ‘परिस्थितीनुरूप विचार व्हावा’ ही वाक्ये काही सांगण्यासाठी लिहिलेली नसतात. उद्या चौकशी झाली तर आपले नाव येऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. तेव्हा ‘बहुधा’ दोन प्रकारचा आहे. एक लिहिणाऱ्याला वाचवतो, दुसरा वाचणाऱ्याला. त्यांची पारख करावयाची तर एवढेच पाहावे, की त्या शब्दापुढे काही करावयास सांगितले आहे काय. तज्ज्ञांच्या ‘बहुधा’पुढे ‘खड्डा खणून पाहावा’ असे होते. दोन मजूर, एक दिवस. आम्ही गाळले ते नुसते क्रियाविशेषण नव्हते, त्याच्या आधाराने उभी असलेली पहार आणि फावडीही गाळली.

असे शब्द गळाल्याची किंमत सर्वत्र गुदामाच्या भिंतीएवढीच असती, तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. ७ फेब्रुवारी २०२१ च्या रविवारी चमोलीत रोंटी शिखराचा कडा कोसळला, दोनशेहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. त्या दिवशी डेहराडूनमध्ये जो भेटेल तो तोच विषय काढीत होता. त्या कड्यातील गोठलेपणाचा त्यात वाटा किती, हे निश्चयाने सांगता येत नाही. सिक्कीमचे तसे नाही. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री दक्षिण ल्होनक सरोवराच्या काठचा गोठलेला मोरेन, म्हणजे हिमनदीने रचलेला दगडमातीचा बांध, सुमारे दीड कोटी घनमीटर एवढा, पाण्यात घसरला. त्याने उठवलेल्या लाटेने सरोवर फोडले आणि तीस्तेवरील चुंगथांगचे धरण वाहून गेले. सरोवर धोक्याचे आहे हे आधीपासून लिहिले गेले होते. कागदावर होते, एवढेच.

स्वित्झर्लंडमध्ये २३ ऑगस्ट २०१७ रोजी पिझ चेंगालो शिखरावरून सुमारे तीस लक्ष घनमीटर खडक सुटला. गोठलेल्या खडकातील बदल हे त्याच्या अनेक कारणांपैकी एक मानतात. खालच्या बोंडो गावात पूर्वीच धोक्याची घंटा देणारी यंत्रणा बसवली होती, गाव वाचले. परंतु वरच्या खोऱ्यातील पायवाटा खुल्या होत्या. आठ पांथस्थ गेले, त्यांचे देहही मिळाले नाहीत. जबाबदारी कोणाची हा वाद न्यायालयात गेला. उलट २०२५ च्या मे महिन्यात त्याच देशातील ब्लाटेन गावच्या सुमारे तीनशे रहिवाशांना कड्याची हालचाल पाहून घराबाहेर काढले गेले, आणि नऊ दिवसांनी, २८ मे रोजी, हिमनदी व खडक ह्यांच्या लोंढ्याखाली गाव गाडले गेले. एक मनुष्य दगावला, बाकीचे वाचले. त्या नऊ दिवसांत तेथील अधिकाऱ्यांना झोप कशी आली असेल, हा विचार आमच्या मनात वारंवार येतो. आठव्या दिवशीही डोंगर जागेवरच होता. ‘बहुधा’वर विसंबून तीनशे माणसांच्या चुली विझवलेल्या. समजा तो कोसळलाच नसता, तर वृत्तपत्रांनी त्यांस काय म्हटले असते? आणि तरीही, क्लिफर्डच्या न्यायाने, त्यांचे करणे तितकेच योग्य ठरले असते.

नकाशा एकदा काढला की संपला असेही नाही. उष्णता खडकात अत्यंत सावकाश उतरते. आज दहा-वीस मीटर खोल जे तपमान सापडते, त्यात कित्येक वर्षांपूर्वीच्या हवेची आठवण असते. आणि शून्याच्या जवळ आलेला बर्फ वितळताना बराच काळ तपमान हलूच देत नाही. सारी ऊब वितळण्यातच खर्च होते, तपमापी स्वस्थ बसल्यासारखा दिसतो. म्हणजे नकाशावरील रेघ काढतानाच जुनी झालेली असते. पूर्वी ‘नाही’ म्हणून गाळलेली जागा आजही तशीच असेल. पूर्वी ‘आहे, पण पक्की’ म्हणून सोडलेली जागा मात्र तशी राहिली आहे किंवा नाही, हे पुन्हा पुन्हा जाऊन पाहावे लागते.

गेल्या वर्षी आमच्याकडील जुन्या फाइली संगणकावर चढवण्याचे काम निघाले आणि योगायोगाने ती फाइल पुन्हा आमच्या हाती आली. अहवाल जागच्या जागी होता. चौदाव्या पानाच्या कोपऱ्यास दुमड नव्हती, पेन्सिलीची खूणही नव्हती. वरती आमची अर्ध्या पानाची टिप्पणी, सुवाच्य अक्षरात. आम्ही तिच्याखाली नव्या तारखेने लिहिले: “अहवालाचे पान १४ कृपया पाहावे. जागेखाली बर्फ असणे बहुधा संभवते, असे तज्ज्ञांचे मत मूळ टिप्पणीत नमूद करावयाचे राहिले. इमारतीच्या पायाची तपासणी व्हावी.” ‘राहिले’ ह्या शब्दाजवळ आमची लेखणी बराच वेळ अडली होती. ‘गाळले’ असे लिहावयास हवे होते. दुसऱ्या दिवशी ते खोडून आम्ही तसे लिहिले आणि खोडीवर आद्याक्षरे केली.

फाइल तीन आठवड्यांनी परत आली. समासात हिरव्या शाईने एकच शेरा होता: ‘पाहिले.’ खड्ड्याविषयी काही नव्हते. पावसाळ्यानंतर ती पुन्हा वर पाठवावयाची, म्हणून आम्ही ती मेजाच्या उजव्या खणात ठेवली आहे.